ताप नाही, खोकला नाही, तरीही…

मी बडोद्याची. दांडिया बाजारजवळ गेली एकतीस वर्षं माझा दवाखाना आहे. दोन बाकं, एक पडदा, एक वजनकाटा. घरातल्या आजीपासून पणतूपर्यंत सगळ्यांना जी बाई ओळखते, ती फॅमिली डॉक्टर मी. आज श्वसनमार्गाच्या विषाणूंबद्दल बोलायचंय, पण सर्दी, खोकला, ताप यांबद्दल नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. घरात शिरताना हे आजार कधीकधी ओळखूच येणार नाहीत असा वेश करून येतात, त्याबद्दल बोलते.

सुरुवात हिंगापासून करते.

मे २०२०. लॉकडाउन चालू. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ताई खानावळ चालवतात, मूळच्या जळगावकडच्या. तेव्हा खानावळ बंद होती, पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या बावीस डबे पाठवत. एक दिवस त्यांचा किराणावाल्याशी मोठा वाद झाला. हिंग भेसळीचा दिला म्हणून. तो बिचारा शपथा घेतोय, "बेन, हिंग एकदम असली छे." त्यांनी डबी परत केली, दुसरी घेतली, तीही परत केली. तिसऱ्या दिवशी मला फोन. हिंगासाठी नाही, मुलीच्या पोटदुखीसाठी. बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टरबाई, जग किती खोटं झालंय बघा. फोडणीला ठसका लागतो, पण वास म्हणून येत नाही. ना हिंगाचा, ना लसणाचा."

मी विचारलं, नाक चोंदलंय का? नाही. शिंका? नाही. ताप? नाही. उदबत्तीचा वास येतो का? त्या उदबत्ती लावायला गेल्या आणि फोनवर बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

यातला ठसका लक्षात ठेवा. मिरचीची झणझण, विक्सचा गारवा हे वास नव्हेतच. ती वेगळ्या नसेची कामं, चेहऱ्याला संवेदना देणारी जी नस असते तिची. म्हणून ठसका लागतो पण वास येत नाही, असं कोणी सांगितलं की समजायचं, बिघाड नेमका वासाच्या जागी आहे. साध्या सर्दीत नाक चोंदतं, हवा वर पोचत नाही म्हणून वास जातो. इथे नाक मोकळं होतं. करोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या दारातून. गंमत अशी की वास ओळखणाऱ्या मज्जापेशींवर हे दार नसतंच म्हटलं तरी चालेल. ते असतं त्यांना टेकू देणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या शेजारच्या पेशींवर. त्या आजारी पडल्या की मुख्य पेशींचं कामच थांबतं. म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला, कारण मूळ पेशी शाबूत होत्या.

आता अडचण सांगते. त्या दिवसांत तपासणीच्या निकषांत ताप आणि खोकला होते, वास जाणं नव्हतं. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते लक्षणांच्या यादीत घातलं १३ जून २०२० रोजी. ताईंचा फोन त्याच्या तीन आठवडे आधीचा. मी त्यांना डबे बंद करून घरात बसा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "हिंगासाठी?" त्यांचं चुकलं नाही. बावीस माणसांच्या जेवणाचा प्रश्न होता. माझ्या हातात कागद नव्हता, रिपोर्ट नव्हता, फक्त अंदाज होता. शेवटी थोड्या रागावूनच त्यांनी डबे थांबवले. चौथ्या दिवशी त्यांच्या यजमानांना ताप आला, तपासणी झाली आणि घरातले तिघे पॉझिटिव्ह निघाले. विषाणू अन्नातून जात नाही, पण डबा पोचवायला त्यांचा मुलगा दारोदार जात होता. दार उघडणारी माणसं सत्तरीच्या पुढची.

आणखी एक गोष्ट घडली, जी मी तेव्हा त्यांना आधी सांगायला हवी होती. घरात गॅस उघडा राहिला आणि ताईंना पत्ता नाही. मुलगी वरच्या मजल्यावरून ओरडत आली. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं रसायन त्यात मिसळतात. वास गेलेल्या माणसाला ही सूचना मिळतच नाही. म्हणून घरात कोणाचा वास गेला असेल तर स्वयंपाकघराची राखण दुसऱ्याकडे द्या. शिळं अन्नही त्या माणसाला कळत नाही.

वास परत येताना काहींना वेडावाकडा येतो. कांदा, कॉफी, तळण यांचा घाण, जळका वास. कित्येकांनी जेवण टाकलं, वजन उतरलं. घरच्यांना वाटतं नखरे आहेत. नखरे नाहीत, तारा पुन्हा जुळताना होणारी गडबड आहे ती. त्यासाठी वासाचा रियाज करतात. जर्मनीत ड्रेस्डेनचे टोमास हुम्मेल यांनी २००९ साली ही पद्धत मांडली, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधी. कारण साध्या विषाणूंनीही वास जातो. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. प्रत्येक वास वीसेक सेकंद, दिवसातून दोनदा, किमान तीन महिने. हुंगताना तो वास मनात आठवायचा. ताईंनी निलगिरीऐवजी हिंग घेतला. मी हरकत घेतली नाही.

पुढे विषाणू बदलत गेला तशी लक्षणंही बदलली. २०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉन आला तेव्हा वास जाणं बरंच कमी झालं आणि घसा दुखणं वाढलं. म्हणून "वास येतोय, म्हणजे ते नाही" असं म्हणू नका. एखादं लक्षण असेल तर ते बोलतं. नसेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही.

आता जे सांगणार आहे ते माझ्या घरातलं आहे आणि त्यात चूक माझी आहे.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. रात्रंदिवस फोन. बेड आहे का, ऑक्सिजन आहे का. माझे वडील तेव्हा ८१ वर्षांचे, रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त. खालच्या खोलीत राहायचे. मार्चमध्ये लशीचा पहिला डोस झाला होता. मंगळवारी त्यांनी संध्याकाळचा चहा नको म्हटलं. आमच्या घरात बाबांनी चहा नाकारणं ही बातमी आहे, पण मी फोनवर होते. बुधवारी सदरा उलटा घातलेला. मी खाली गेले तर मला म्हणाले, "अक्का, छत्री दे, गाडी चुकेल." अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, जाऊन पंचवीस वर्षं झालेली. मी ताप पाहिला, ९८.४. खोकला नाही. दम नाही. मला वाटलं वय झालं, किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल, नाहीतर सोडियम कमी झालं असेल. लघवी तपासायला पाठवली आणि पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांच्या बाबांसाठी फोन लावत बसले.

गुरुवारी पहाटे ते मोरीच्या दारात पडले. उचलताना मला त्यांची नखं दिसली. ऑक्सिमीटर त्यांच्याच टेबलाच्या खणात होता, मीच ठेवलेला. आकडा आला ८४.

मी दिवसाला पन्नास माणसांना फोनवर "बोटाला लावा, आकडा सांगा" असं सांगत होते. स्वतःच्या वडिलांच्या बोटाला मी तो दोन दिवस लावला नव्हता.

म्हातारपणी आजाराचं दार वेगळं असतं. अंगात ताप चढवायची ताकद कमी होते. नेहमीचं तापमानच ९७ च्या आसपास असलेल्या माणसाला ९९ हा ताप असू शकतो, थर्मामीटर मात्र "नॉर्मल" म्हणतो. खोकल्याचा जोर कमी होतो. मग विषाणू फुप्फुसात असताना घरच्यांना दिसतो तो दुसरीकडेच. मेंदू गोंधळतो, पाय लटपटतात, जेवण सुटतं. अमेरिकेत २०२० साली तातडीच्या विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध करोना रुग्णांची पाहणी झाली. त्यांतले २८ टक्के आले तेव्हाच भ्रमात होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ताप किंवा दम ही नेहमीची लक्षणं नव्हतीच. हा अभ्यास मी नंतर वाचला. आधी वाचला असता तर बुधवारी मी वेगळी वागले असते असं म्हणायला मला आवडेल, पण खात्री नाही. थकलेला डॉक्टर घरच्या माणसाला पेशंट म्हणून बघतच नाही.

विसरभोळेपणा आणि हा भ्रम यांत फरक कसा करायचा? विसरभोळेपणा महिनेच्या महिने हळूहळू येतो. भ्रम एक-दोन दिवसांत येतो, काही वेळा तासांत. सकाळी ठीक, रात्री बिघडलेलं, असं वरखाली होतं. लक्ष टिकत नाही. त्यांना वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार. एरवी म्हणणारा माणूस मध्येच भरकटला तर काहीतरी घडतंय. आणि भ्रम म्हणजे बडबड, आरडाओरडा असंच नाही. गप्प भ्रमही असतो. माणूस दिवसभर पेंगतो, त्रास देत नाही, घरचे म्हणतात "आज शांत आहेत." तोच जास्त वेळा निसटतो.

बाबांना त्या रात्री बेड मिळाला, अकरा दिवस ऑक्सिजनवर राहिले आणि घरी आले. त्यांना ते दिवस आठवत नाहीत. ते रोज रात्री हिशेबाची वही लिहीत. नंतर मी ती उघडली. मंगळवारच्या पानावर "दूध" चार वेळा लिहिलंय, एकाखाली एक, आणि बेरीज केलेलीच नाही. चाळीस वर्षं रेल्वेचे हिशेब तपासलेल्या माणसाने. म्हणजे मला बुधवारी दिसलं ते मंगळवारीच लिहून ठेवलेलं होतं. तुमच्याही घरात अशी काहीतरी वही असते. कोणी रोज देवपूजेची फुलं वेचतं, कोणी शब्दकोडं सोडवतं, कोणी ठरलेल्या वेळी नातवाला फोन करतं. ती रीत एकाएकी मोडली तर आधी ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर लावा, मग वयाला दोष द्या.

ऑक्सिमीटरवरून एक गोष्ट. हे यंत्र ज्यांच्या कल्पनेतून निघालं ते जपानचे इंजिनीअर ताकुओ आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, अगदी जेव्हा त्यांचं यंत्र जगातल्या घराघरांत शिरत होतं तेव्हा.

बाबांना ८४ आकडा असूनही दम का लागला नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं. आपल्याला धाप लागते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची जाणीव शरीराला उशिरा आणि मंद होते. या आजारात सुरुवातीला फुप्फुसं बऱ्यापैकी लवचिक राहतात, कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर पडत राहतो, कारण तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज झिरपतो. त्यामुळे धोक्याची घंटा वाजत नाही. माणूस पेपर वाचतो, जावयाशी बोलतो, आणि आकडा घसरत असतो. श्वास मात्र जलद झालेला असतो, तो मोजला तर सापडतो.

आकडा घेताना हात ऊबदार हवा, नेलपॉलिश पुसलेली हवी, बोट स्थिर हवं. मिनिटभर थांबा, मग वाचा. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर यंत्र थोडं जास्त दाखवू शकतं हेही ध्यानात ठेवा, म्हणजे काठावरच्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका. बसून ९५ किंवा वर असेल तर घरातच सहा मिनिटं सपाट जागी चाला, साठीच्या पुढच्यांनी तीनच. चालल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीन अंकांनी उतरला, तर डॉक्टर गाठा. बसल्या जागीच कमी असेल तर चालायची परीक्षा घेऊच नका. ज्यांना जुना दम्याचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडा वेगळा असू शकतो, तो बऱ्या दिवसांत लिहून ठेवा. आणि कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. त्या एप्रिलमध्ये मी हे इतक्या वेळा सांगितलं की माझ्याच घशात कापूर बसला.

आता मुलांकडे येते. फ्लूमधली एक गोष्ट अशी आहे की आईबापांची झोप उडते आणि बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. सात वर्षांचा एक मुलगा. तीन-चार दिवस ताप, खोकला, मग ताप उतरला. सगळे सुटलो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा उठला तो टाच टेकवेना. चवड्यांवर, बदकासारखा. आजी रडायला लागल्या, त्यांच्या डोळ्यांपुढे पोलिओ. मी पोटऱ्या दाबल्या तर तो किंचाळला. ताकद मात्र शाबूत होती, पाय उचलता येत होते. इन्फ्लुएन्झानंतर, त्यातही बी प्रकारानंतर, मुलांच्या पोटरीचे स्नायू असे सुजतात. बहुधा आठवड्याच्या आत आपोआप बरं होतं. तोही चार दिवसांत पळायला लागला. पाहायचं एवढंच, लघवी कोऱ्या चहासारखी तर होत नाही ना. झाली तर ताबडतोब रुग्णालय. आणि पाय दुखत नसून लुळे पडत चालले असतील, अशक्तपणा वर वर चढत असेल, तर ते हे नव्हे, तिथे तास मोजायचे असतात. तापाच्या मुलाला ॲस्पिरिन घरच्या मताने कधीही देऊ नका.

तान्ह्या बाळांचं उलटं. तिथे चिन्हं बारीक असतात आणि धोका मोठा. आरएसव्ही नावाचा विषाणू मोठ्यांना नुसती सर्दी देतो, तीच सर्दी मावशी-काकांच्या मुक्यातून बाळाकडे जाते. दोन महिन्यांच्या आतल्या, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात पहिलं लक्षण खोकला नसून श्वास मध्येच थांबणं हे असू शकतं. किंवा दूध ओढता ओढता सोडून देणं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस, म्हणजे जलद श्वास. पोट उडतंय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, कण्हण्याचा आवाज येतोय, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आमच्या भागातल्या आशाताई हे मोजणं तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं करतात, त्यांना विचारायला लाजू नका.

मुलांबाबत एकच आणखी. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी, कधी तो झालेला कळलाही नसताना, मुलाला जोराचा ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटात कळा असं एकत्र आलं, तर "पोट बिघडलंय" म्हणून ओवा देऊन बसू नका.

मधुमेही मंडळींनी एवढं ध्यानात घ्या. पथ्यही तेच, औषधंही तीच, आणि साखर अचानक वर गेली असेल तर आधी संसर्ग शोधा. कित्येकदा ताप दुसऱ्या दिवशी येतो. आणि ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी फ्लूला "नुसता फ्लू" म्हणू नये. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासणीने पक्क्या झालेल्या फ्लूनंतर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण सहापट आढळलं. त्या आठवड्यात छातीत दडपण आलं, जबडा दुखला, घाम फुटला, तर त्याला खोकल्याचं दुखणं म्हणू नका.

पण सगळं विषाणूवर ढकलू नका, ही दुसरी बाजूही सांगायला हवी. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एका हातातला जोर गेला, बोलणं एकाएकी अडखळलं, तर तो अर्धांगाचा झटका समजून १०८ ला फोन. बहुतेक राज्यांत हाच क्रमांक आहे, नाहीतर ११२. तिथे ऑक्सिमीटर शोधत बसायचं नाही.

इंदूरला, हैदराबादला, बंगळुरूला राहणारी आपली मंडळी मला विचारतात, डॉक्टर आमची भाषा बोलत नाही, मग नेमकं सांगायचं काय? चार गोष्टी कागदावर लिहून न्या. माणूस काल कसा होता आणि आज कसा आहे. हे कधीपासून. बसून आणि चालून ऑक्सिजनचा आकडा, मिनिटाचे श्वास, ताप. चालू गोळ्या. "पिताजी कल तक ठीक थे, आज मुझे पहचान नहीं रहे" एवढं एक वाक्य कुठल्याही डॉक्टरला जागं करतं. ते पहिलंच बोला, खोकला आहे-नाहीच्या आधी.

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात. साठीच्या पुढच्यांनी आणि जुने आजार असणाऱ्यांनी लशीबद्दल आपापल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. लस दरवर्षी नवी असते, मागच्या वर्षीची यंदा मोजायची नाही.

खानावळीच्या ताईंचा वास सात महिन्यांनी पूर्ण परत आला. किराणावाल्याकडे जाऊन त्यांनी माफी मागितली आणि अर्धा किलो हिंग घेतला, जो त्यांना वर्षभर पुरला. बाबा आता ८५ च्या पुढे आहेत. वही लिहितात. रात्री मी खाली जाते तेव्हा नुसती बेरीज बघते.

पुढच्या भागात घरातल्या औषधाच्या डब्याबद्दल बोलू, कोणतं ठेवायचं आणि कोणतं आजच फेकायचं. येते मी. नमस्कार.